जुनी मोटारसायकल घरी उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग कोल्हापुरात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं बंद होती. ती चालू करता करता मी या नादाला लागलो. नंतर मित्रांच्या राजदूत, यामाहा आरएक्स १००, बुलेट आणि एका बजाज चेतकवर हात चालवला. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात: जुन्या गाडीत करायचा बदल उद्या काढून टाकता येईल असाच करा. बोल्टनं लावलेलं पान्यानं निघतं. ग्राइंडरनं कापलेलं कोणीही परत देत नाही.

पहिल्यांदाच हे काम करतोय. कोणती गाडी घेऊ?

घरात कुणाची पडून असेल तर तीच. काकांची असो, आजोबांची असो, तिचे कागद कुठे असतील याचा अंदाज असतो आणि ती कशी वापरली गेली हे सांगणारं माणूस घरात असतं. ही माहिती बाजारात मिळत नाही.

विकतच घ्यायची असेल तर सोपी गाडी घ्या. जुनी राजदूत १७५ शिकायला उत्तम. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं ती भारतात बनवली. इंजिनात भाग कमी आणि सगळं डोळ्यांना दिसतं. कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटचे पार्ट मुबलक मिळतात आणि तिचा जाणकार मेस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो. आरएक्स १०० सर्वांना हवी असते. अवघी ९८ सीसी, वजन शंभर किलोच्या आसपास आणि पिकअप असा की आजही लोक मागे वळून बघतात. पण त्यामुळेच भाव चढलेत आणि दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून उभ्या केलेल्या गाड्याही फार फिरतात.

जावा-येझदीबद्दल माझं मत कलतं आहे, हे मान्य करूनच वाचा. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१ पासून १९९६ पर्यंत या गाड्या काढल्या. इंजिन एका सिलिंडरचं, पण सायलेन्सर दोन. किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो. जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ साली प्रागमध्ये तयार झालं. गाडी साधी आहे, मात्र तिची काही दुखणी खास तिचीच आहेत. 

गाडी स्वस्तात मिळतेय, पण कागद नाहीत. घेऊ का?

नको. कितीही सुंदर असली तरी नको. इंजिन बांधता येतं, टाकी बनवून घेता येते, आरसी बुक घरी बनत नाही.

मात्र कागद "नाहीत" आणि कागद "अडकलेत" यांत फरक आहे. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागता येते. मालक हयात असेल तर गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. याची मुदत मृत्यूपासून तीन महिन्यांची आहे, पण कुणीच ती पाळत नाही आणि मग उशिराचा दंड भरावा लागतो. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिकडून फॉर्म २८ वर ना हरकत. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५. चाळीस वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज आरसीवर तसंच राहिलेलं असतं, आणि कर्ज देणारी पतसंस्था कधीच बंद पडलेली असते. अशा गाडीचा सौदा करण्याआधी मालकालाच बोजा उतरवायला सांगा.

आणखी एक. जुन्या, तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरांच्या गाड्या पुष्कळदा ऑनलाइन दिसतच नाहीत, कारण त्यांची नोंद जाड रजिस्टरमध्ये आहे. आरटीओत त्याला बॅकलॉग नोंद म्हणतात. ती करून घेतल्याशिवाय पुढचं एकही काम हलत नाही. मूळ आरसी आणि गाडी दोन्ही घेऊन जा आणि दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवा.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते ना?

खासगी दुचाकीला महाराष्ट्रात तसं बंधन नाही. १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी ही मर्यादा दिल्ली आणि राजधानी परिसराची आहे. आपल्याकडे १५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. दुचाकीचं नूतनीकरण शुल्क २०२२ मध्ये १,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या गाड्यांना २,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. हे सगळं इंजिनला हात लावण्याआधी तपासा. मी उलटं केलं होतं. गाडी तयार होऊन चार महिने शेडमध्ये उभी राहिली.

कायद्यानं गाडीत नेमकं काय बदलता येतं?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेला तपशील कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. विनापरवानगी बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द लक्षात ठेवा.

व्यवहारात याचा अर्थ असा. चेसिस कापणं, लांबवणं, दुसऱ्या गाडीची चेसिस बसवणं: नाही. इंजिन बदलणं: त्याच प्रकारचं असेल तर आरटीओची आधी परवानगी घेऊन, नोंद करून. इंधन बदलणं: मान्यता असलेल्या किटनंच. रंग: आरसीत रंग लिहिलेला असतो, म्हणून मूळ रंगाव्यतिरिक्त दुसरा द्यायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. सीटचं कव्हर, ग्रिप, आरसे, मूळ मापाचे टायर, कॅरिअर, लेग गार्डवरची पिशवी अशा गोष्टींना कुणी हरकत घेत नाही.

साडी गार्ड काढण्याची हौस पुष्कळांना असते. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण आणि मागे बसणाऱ्याला धरायला पट्टा किंवा दांडा, हे नियमातच आहे. आणि नियम नसता तरी मी तेच सांगितलं असतं. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन माणसं जिवानिशी गेली आहेत. तुमच्या मागे कधीच कुणी साडी नेसून बसणार नाही, याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही.

गाडी ५० वर्षांपूर्वीची आहे. व्हिंटेज म्हणून नोंदवू का?

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. अट मोठी आहे: अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

म्हणून रोज चालवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं. पण आज ज्यानं १९७६ ची येझदी कापून बॉबर (मडगार्ड छाटलेली बुटकी गाडी) केली, त्यानं हे दार कायमचं लावून घेतलं. चेसिस आणि इंजिनात मोठा बदल झालेली गाडी व्हिंटेज ठरत नाही.

कित्येक वर्षं बंद गाडी दारात आली. पहिल्या दिवशी काय करू?

किक मारू नका. सगळ्यांचे पाय शिवशिवतात, पण थांबा.

आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, मग प्रत्येक केबल कुठून जाते, कोणती वायर कुठे जोडली आहे, कोणता वायसर कुठे आहे याचे. शंभर फोटो कमीच पडतात. मग प्लग काढून त्या भोकातून चमचाभर-दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर त्या भिजू द्यायच्या. त्यानंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं अलगद मागे-पुढे हलवा. सुटलं तर छान. नाही सुटलं तर परत ऑइल, परत थांबणं. जोर लावून किक मारली की गंजलेल्या सिलिंडरवर रिंग तुटते, आणि मग बोरिंगशिवाय गत्यंतर नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. वास वॉर्निशसारखा येत असेल तर कार्बोरेटरही आतून तसाच चिकट झालेला असतो. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग, उजेडाकडे धरून बघा, भोकातून गोल प्रकाश दिसला पाहिजे. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. नायलॉनचा धागा वापरा.

टायरवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असो, दहा वर्षांपुढचा टायर फेकून द्या. चार आकडेच नसतील तर प्रश्नच मिटला.

सुटे होणारे बोल्ट एका डब्यात टाकायचे नाहीत. प्रत्येक भागाचे वेगळ्या पिशवीत, आत कागदावर नाव लिहून. शक्य असेल तिथे बोल्ट आपल्याच भोकात परत अडकवून ठेवा.

टाकी आतून गंजली आहे.

मूठभर नट किंवा जुन्या चेनचे तुकडे टाकून हलवा, म्हणजे सुटा गंज निघतो. मग पांढऱ्या व्हिनेगरनं भरून एक-दोन दिवस ठेवा. ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, नुसत्या पाण्यानं धुवा आणि लगेच उन्हात किंवा गरम हवेनं वाळवा. ओली राहिली तर तासाभरात परत तांबूस होते. वाळल्यावर आतून टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल फिरवून ठेवा. बारीक भोक असेल तर झाळण्याआधी टाकी अनेकदा धुवा आणि झाळताना पाण्यानं जवळपास भरलेली ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा घातक, कारण आत पेट्रोलची वाफ असते. हे काम घरी करू नका, टाक्याच झाळणाऱ्याकडे न्या.

रंगवून आलेल्या टाकीवरून बोटानं ठोकत जा. मला एकदा भोकावर नुसती लांबी (रंगाखालची पुट्टी) भरून, वर सुंदर मरून रंग मारून टाकी परत मिळाली होती. तिसऱ्या आठवड्यात पेट्रोल रंगाखालून पाझरायला लागलं.

माझी टू-स्ट्रोक गाडी गरम होऊन जाम झाली. का?

टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारी, राजदूत-आरएक्स-येझदीसारखी गाडी. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि उत्तर बहुतेकांना चुकीचं मिळतं. "ऑइल कमी पडलं" म्हणून लोक ऑइल वाढवतात आणि गाडी परत जाम होते.

माझीच गोष्ट सांगतो. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला येत होतो. गाडी नव्यानं बांधलेली, पेट्रोलमध्ये ऑइल माप लावून घातलेलं. अर्ध्या घाटात इंजिनचा आवाज पातळ झाला, ओढ गेली आणि मागचं चाक कुलूप लागल्यासारखं अडकलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली.

इंजिन उघडलं तर पिस्टनच्या बाजूंना ॲल्युमिनियम घासून सिलिंडरला लागलेलं. कारण सापडलं ते मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चक्राच्या) बाजूच्या क्रँकच्या ऑइल सीलमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद भागात येतं. तिथला सील कडक होऊन तडकला की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. ऑइलचा दोष नसतो, फुकटच्या हवेचा असतो.

ओळखायचं कसं? थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनचा वेग चटकन खाली येत नसेल, उभ्या गाडीत आपोआप वाढत असेल, तर कुठून तरी हवा घेतेय. इनलेटचं पॅकिंग, कार्बोरेटरचा वाकलेला फ्लँज, मॅग्नेटकडचा सील, या क्रमानं बघा. उलट, पांढरा दाट धूर येत असेल आणि गिअर ऑइल आपोआप कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचा सील गेला. इंजिन गिअर ऑइल पितंय.

खात्रीची परीक्षा अशी: इनलेट आणि एक्झॉस्ट रबर-पट्टी लावून बंद करा, सायकलच्या पंपानं ५-६ पीएसआयइतकाच हलका दाब द्या आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जिथे, दुखणं तिथे. पार्ट जोडल्यावर, गाडी पहिल्यांदा चालू करण्याआधी ही परीक्षा करायचीच. दोन सील किरकोळ पैशांत येतात, पण ते बदलायला क्रँककेस उघडावी लागते म्हणून लोक टाळतात. इंजिन उघडलंच आहे तर सील आणि बेअरिंग बदला, जुने कितीही चांगले दिसोत.

घाट उतरतानाचंही एक सांगतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणाऱ्या गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच जातं. लांब उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल बंद ठेवला की चाक इंजिनला पळवतं आणि ऑइल मात्र पोचत नाही. मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल जरा उघडत राहा.

ऑइल किती घालू?

जुन्या जावा-येझदीला लिटरला ४० मिली. आरएक्स १०० ला वेगळी ऑइलची टाकी आणि पंप असतो. तिच्यात नळी काढल्यावर पंपातली हवा काढायला विसरू नका, नाहीतर पहिले काही किलोमीटर ऑइलविना जातात. पंप बंद करून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचा सल्ला मेस्त्री देतात. पंप चांगला असेल तर त्याला हात लावू नका.

मिश्रण बरोबर आहे का ते प्लग सांगतो. चॉकलेटी असेल तर बरोबर, काळा-ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर लगेच थांबा.

इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या गाडीचं काय होतं?

आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे आपल्या पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज. जुने रबरी पाइप फुगतात, पेट्रोलच्या कॉकचे कॉर्क आणि वायसर खराब होतात. शिवाय त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं, आणि पातळ मिश्रण टू-स्ट्रोकचं काय करतं ते वर सांगितलंच. पेट्रोलचे पाइप नवे, इथेनॉल चालणारे घाला. प्लग बघून गरज वाटली तर मेन जेट एक नंबरनं मोठा करा. महिनाभर गाडी फिरणार नसेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा.

बोरिंग कुठे करू? ओव्हरसाईझ म्हणजे काय?

सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा करून त्याच मापाचा मोठा पिस्टन घालतात. पिस्टन सहसा ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. आधी पिस्टन हातात घ्या, मग सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बोरिंगवाल्याकडे द्या. तो पिस्टन मोजून सिलिंडर कापतो. नुसता सिलिंडर देऊन "पन्नास कर" म्हणणं चूक आहे, कारण बाजारातल्या पिस्टनची मापं थोडीफार वेगळी निघतात. बोरिंगनंतर होनिंग झालंच पाहिजे. आतल्या भिंतीवर आडव्या-तिडव्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत, ऑइल त्यांतच टिकतं.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोरिंग, कास्टिंग सगळं चालत जाता येईल एवढ्या अंतरात आहे. न मिळणारा बुश, पितळी वायसर, झिजलेला शाफ्ट तिथे नमुना दाखवून बनवून घेता येतो. जुना भाग म्हणूनच कधी टाकू नका. तुटका असला तरी तोच नमुना.

पार्ट कुठे मिळतात?

पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार. बुलेटसाठी दिल्लीचं करोल बाग. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या रूपात परत आली, पण त्या पूर्ण वेगळ्या, फोर-स्ट्रोक गाड्या आहेत. त्यांचे पार्ट जुन्यांना बसत नाहीत. जुन्या गाड्यांचे उत्तम पत्ते माणसांकडून मिळतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन असतो, त्या दिवशी तुमच्या शहरात गाड्या जमतात तिथे जा. गाडी बंद असेल तरी जा.

ब्रेक फार मऊ आहेत. डिस्क बसवू का?

आधी आहे तो ड्रम नीट करा. या गाड्या नव्या होत्या तेव्हा थांबत होत्या. ड्रम आतून अंडाकृती झाला असेल तर लेथवर गरजेपुरताच कापून घ्या. नवे शू ड्रमला पूर्ण टेकतात का, ते खडू लावून बघा. केबल नवी घाला. आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असताना ड्रमवरचा दांडा आणि केबल किंवा रॉड यांच्यात काटकोन व्हायला हवा. दांडा मागे-पुढे बसवला तर जोर वाया जातो. ड्रममधली जुनी धूळ तोंडानं किंवा कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

डिस्क म्हणजे दुसरा फोर्क, दुसरं चाक, कधी कधी दुसरे टी (फोर्क धरून ठेवणारे भाग). एवढं बदलल्यावर गाडी तीच राहत नाही, आणि कायदाही आडवा येतो.

कॅफे रेसर करायची आहे.

१९५०-६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांनी रोजच्या गाड्यांवरचं अनावश्यक वजन काढलं, हँडल खाली घेतलं आणि ताशी १०० मैलांच्या मागे लागले. म्हणजे मूळ कल्पना कमी करण्याची आहे. आपल्याकडे तिचं जोडकाम झालं: जाड मागचा टायर, चेसिसची शेपटी कापून कुबडवाली सीट, एक्झॉस्टवर सुतळी.

तुम्हाला ते रूप आवडत असेल तर एक वाट सांगतो. सीट नवी बनवा, पण मूळ सीटच्याच बोल्टवर बसणारी. फायबरचा कुबड तिच्यावरच. मडगार्ड मूळ जपून ठेवून दुसरा लावा, साडी गार्डसकट. हँडल बदललंत तर पूर्ण वळवून बघा: टाकीला लागत नाही ना, केबल ताणून इंजिनचा वेग आपोआप वाढत नाही ना. मूळ भाग तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. दहा वर्षांनी ती गाडी तुमच्या मुलीला मूळ रूपात हवी झाली तर एका रविवारात परत येईल. टायर मूळ मापाचेच. आरएक्सला पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८ लागतो. जाड टायरनं ती सुस्त होते आणि वळणावर जड जाते.

सायलेन्सर फोडून आवाज मोठा करता येतो का?

करू नका. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा आकार इंजिनच्या श्वासाचाच भाग आहे. आतलं बॅफल काढलं की आवाज वाढतो, ओढ कमी होते. दंड आणि परवाना निलंबन वेगळं. गल्लीत आजारी माणसं आणि लहान मुलं असतात.

रंग देताना काय सांभाळू?

चेसिस नंबर. सँडब्लास्टिंग, बफिंग, जाड पावडर कोटिंग, लांबी, या सगळ्यांत तो पुसट होतो किंवा बुजतो. आरटीओत पेन्सिलीनं त्याचा प्रिंट घेतात. तो उठला नाही तर गाडी चोरीची असल्याचा संशय तुमच्यावर येतो. काम द्यायच्या आधी स्वतः प्रिंट घेऊन ठेवा, फोटो काढा, नंबरावर धातूची पट्टी घट्ट बांधून द्या आणि रंगवाल्याला समोरासमोर दाखवून सांगा. बेअरिंगचे कप काढून घ्या, आटे झाकून घ्या.

रंग मूळचाच द्या असा माझा आग्रह राहील. जावाचा मरून आणि टाकीवरचं क्रोम, राजदूतचा काळा, हे रंग त्या गाड्यांना शोभतात म्हणूनच लोकांच्या डोळ्यांत राहिले. क्रोम महाग पडतं. पैसे अपुरे असतील तर क्रोम पुढच्या वर्षी करा, ब्रेक आणि टायर या वर्षी.

६ व्होल्टची वायरिंग १२ व्होल्ट करू का?

रात्री गावाबाहेर चालवत असाल तर हो. वायरिंगचा जुना संच कापू नका, पूर्ण काढून ठेवा आणि नवा संच करा. बल्ब, हॉर्न आणि बॅटरी तिन्ही बदलावी लागतात.

पीयूसीत टू-स्ट्रोक पास होते का?

होते. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम ही मर्यादा आहे. इंजिन पूर्ण गरम करून जा, सायलेन्सर आतून साफ करून जा.

जुनी चेतक घरीच इलेक्ट्रिक करता येईल का?

इंजिन मेलेली चेतक किंवा स्प्लेंडर असेल तर विचार करा. चालू होऊ शकणाऱ्या येझदीचं इंजिन काढून मोटर बसवायला मी कधीच सांगणार नाही.

कायद्याचा रस्ता असा आहे: किट एआयएस-१२३ या मानकानुसार तपासलेलं हवं. ही तपासणी पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था करतात. मान्यता विशिष्ट मॉडेलच्या गाडीसाठी असते. किट कंपनीच्या अधिकृत केंद्रातच बसवून, आरटीओत दाखवून आरसीवर इंधन "इलेक्ट्रिक" करून घ्यावं लागतं. म्हणजे घरी करण्याचं काम उरतं ते गाडीची तयारी: बॉडी, ब्रेक, बेअरिंग, शॉकअप, वायरिंगची जागा. ते मन लावून करा. किट बसवणारे याकडे बघत नाहीत.

हिशेब स्वतः मांडा. ४८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण १.९ युनिट. स्कूटर किलोमीटरला ३० वॅट-तासांच्या आसपास खाते. म्हणजे कागदावर साठेक किलोमीटर, पाठीमागे माणूस बसवून चढ चढलात तर त्याहून कमी. विक्रेता १२० म्हणत असेल तर बॅटरीवरचे आकडे वाचून दाखवायला सांगा.

ऑनलाइन सेल मागवून घरी बॅटरी बांधू नका. एक सेल कमी-जास्त, एक सैल जोड, आणि आग लागते ती सहजासहजी विझत नाही. ती स्कूटर जिन्याखाली उभी असते आणि जिना हा घराबाहेर पडायचा रस्ता असतो.

हत्यारं कोणती लागतील?

चांगल्या पोलादाचे रिंग पाने आणि सॉकेट, इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, व्हर्निअर, मल्टिमीटर आणि तुमच्या गाडीचा मॅग्नेट पुलर. पुलर नसताना छिन्नी-हातोड्यानं मॅग्नेट काढायचा प्रयत्न झाला की क्रँकचं टोक जातं. स्वस्त पाने घेऊ नका, ते बोल्टची डोकी गोल करतात.

कुणीतरी सुटी केलेली गाडी दोन गोण्यांत मिळाली आहे. सुरुवात कुठून?

पार्टांची सचित्र यादी असलेलं पुस्तक त्या मॉडेलचं मिळवा, झेरॉक्सही चालेल. अंगणात ताडपत्री पसरून पानांच्या क्रमानं भाग मांडत जा: क्रँक, क्रँककेस, गिअर, क्लच, सिलिंडर, मॅग्नेट. पुस्तकात जे आहे आणि ताडपत्रीवर नाही, त्याची यादी करा. आधी क्रँककेसवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. दोन गोण्यांत दोन वेगळ्या गाड्या निघाल्याचं मी बघितलं आहे. दोन्ही नंबर जुळले तर चेसिसवर चाकं आणि स्टँड लावून ती उभी करा, मग तिच्याभोवती काम करायला जागा होते. खरेदीला बाहेर पडा ते दुसरी गोणी तळापर्यंत रिकामी झाल्यावर. शोधत असलेला वायसर बहुधा तिथेच मातीत असतो.